वाजवणार कोण, हे आधी सांगा

मी संगीतरचनेच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. शिकता शिकताच कमिशनची कामं घेते, म्हणजे कुणी मागणी करतं, मोबदला ठरतो आणि मी त्यांच्यासाठी नवी रचना लिहून देते. वादक, गायनवृंद, लघुपट करणारे मित्रमैत्रिणी अशा सगळ्यांसाठी लिहून झालं आहे. मागच्या अंकात या कामांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते आहे.

प्रश्न : ताई, मी संगीतरचनेच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्गातली एक क्लॅरिनेटवादक तिच्या परीक्षेच्या कार्यक्रमासाठी माझ्याकडे पाच मिनिटांची सोलो रचना मागते आहे. पैसे देता येणार नाहीत, असं तिने आधीच सांगितलं. काम घेऊ का? आणि घेतलं तर सुरुवात कुठून करू?

घे, नक्की घे. पैसे मिळणार नाहीत, पण वादक तुझ्याच वर्गात आहे, हाक मारली की भेटते, आणि खर्डा घेऊन गेलास तर लगेच वाजवून दाखवते. पुढे मोठी कामं मिळतील तेव्हा ही सोय क्वचितच असेल. बदल्यात दोन गोष्टी मात्र मागून घे : कार्यक्रमाचं नीट ध्वनिमुद्रण, आणि पहिल्या सादरीकरणानंतर ही रचना इतर वादकांना द्यायची मोकळीक. मैत्रीण असली तरी चार ओळी लिहून दोघांनी सह्या करा.

सुरुवात कागदापासून करू नकोस, तिच्या सरावापासून कर. माझं पहिलं कमिशनही क्लॅरिनेटचंच होतं. ‘तुला काय वाजवायला आवडेल?’ असं मी त्या वादक मुलीला विचारलं, तर ‘काहीही चालेल’ एवढंच उत्तर मिळालं. जवळजवळ सगळेच वादक पहिल्यांदा हेच म्हणतात. मग मी विचारलं, सराव सुरू करण्याआधी, कुणी ऐकत नसताना, तुझी बोटं आपोआप काय वाजवतात? तिने बोलण्याऐवजी वाद्य उचललं आणि खालच्या भागातला एक लांब स्वर धरला, इतका हळू की तो नेमका कधी सुरू झाला ते कळलंच नाही. मग तो सावकाश फुलवत नेला. शांततेतून असा स्वर उगवणं क्लॅरिनेटला जितकं सहज जमतं तितकं फार थोड्या सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांना जमतं. माझ्या रचनेचा आरंभ मला तिथेच मिळाला.

पुढच्या भेटीत तिने वाद्याची अडचणही दाखवली. क्लॅरिनेटची वरच्या भागात नेणारी चावी दाबली की स्वर बासरीसारखा एक सप्तक वर जात नाही. एक सप्तक आणि त्यावर आणखी एक पंचम इतका वर जातो. त्यामुळे खालच्या आणि वरच्या भागात एकाच नावाच्या स्वराला बोटं वेगळी पडतात, आणि दोन भागांच्या सांध्यावर वादक ज्याला ‘ब्रेक’ म्हणतात तो येतो. लिहिलेला मधला बी फ्लॅट वाजवताना जवळपास सगळी बोटं उचललेली असतात. त्याच्या लगेच वरचा बी हवा असेल तर सगळी छिद्रं एकदम झाकावी लागतात. माझ्या खर्ड्यातली एक द्रुत ओळ या सांध्यावरून सारखी ये-जा करत होती. तिने ती नीट वाजवली, पण खांदे वर आले होते. मग तिनेच ती ओळ एक पूर्ण स्वर वर नेऊन वाजवली, आणि बोटं मोकळी धावायला लागली. ओळ तीच, स्वरांमधली अंतरं तीच. आता ती त्या वाद्याची झाली होती. तो अख्खा भाग मी त्या नव्या पट्टीवर बांधला.

म्हणून तुझ्या मैत्रिणीकडे पूर्ण रचना घेऊन जाऊ नकोस, खर्डे घेऊन जा. पूर्ण झालेली रचना बघून वादक भिडेपोटी ‘छान आहे’ म्हणतो, खर्ड्यावर तो खरं बोलतो. तिने एखादी जागा सोपी करायला सांगितली तर कमीपणा मानू नकोस. प्रसिद्ध क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या मागणीवरून अमेरिकन रचनाकार एरन कोपलंड यांनी क्लॅरिनेटचा कन्चेर्टो, म्हणजे एक मुख्य वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, लिहिला. तो १९५० मध्ये पहिल्यांदा सादर झाला, आणि तेव्हा त्याच्या कोडामधल्या, म्हणजे शेवटच्या समारोपाच्या भागातल्या, काही जागा गुडमनला फारच अवघड वाटल्या म्हणून कोपलंड यांनी बदललेल्या होत्या. गुडमनसारख्या वादकासाठी कोपलंडसारखा रचनाकार हे करतो, तर आपण का करू नये?

तीन बारीक गोष्टी. बी फ्लॅट क्लॅरिनेट लिहिलेल्या स्वरापेक्षा एक स्वर खाली वाजतं, तेव्हा तिच्या हातात तिच्या पट्टीतला पार्टच, म्हणजे तिने वाजवायच्या ओळीचा कागदच, दे. पाच मिनिटं एकटीने वाजवायचं म्हणजे श्वासाच्या जागा तू लिहून द्यायच्या, तिच्यावर सोडायच्या नाहीत. आणि पान उलटायची वेळ विरामावर येईल असं बघ.

प्रश्न : मी एका हौशी गायनवृंदाची संचालिका आहे. आम्हाला एखाद्या विद्यार्थी रचनाकाराकडून नवीन गीत करून घ्यायचं आहे. आमच्याकडे पुरुष आवाज फार कमी आहेत आणि निम्म्या लोकांना नोटेशन वाचता येत नाही. हे सगळं आधीच सांगितलं तर चांगला रचनाकार काम घेईल का, अशी शंका वाटते.

सगळं सांगा. उलट जे सांगायला संकोच वाटतो तेच सगळ्यात आधी सांगा. मला काम देताना एका वृंदाच्या संचालिकेने स्वच्छ सांगितलं होतं की टेनर, म्हणजे उंच पुरुष आवाज, मोजकेच आहेत, त्यातला एक नेहमी उशिरा येतो, आल्टोंमध्ये, म्हणजे खालच्या आवाजाच्या बायकांमध्ये, दोघीच वाचून गातात आणि बाकीच्या त्यांच्या आवाजामागे जातात, आणि पियानो वाजवणाऱ्या बाईंना लांबच्या उड्या जमत नाहीत. मला याच्याइतकी उपयोगी माहिती क्वचितच कुणी दिली असेल. त्यावरून गीताचा सांगाडा अर्धा ठरला.

लिहायला बसण्याआधी मी त्यांच्या तालमीला गेले आणि आल्टोंच्या रांगेत बसून गायले. बाहेरून ऐकताना जे कळत नाही ते शेजारी बसल्यावर कळतं. सोप्रानोंचे, म्हणजे उंच आवाजाच्या बायकांचे, वरचे स्वर ‘आ’वर मोकळे निघत होते, ‘ई’वर चिरकत होते. म्हणून शिखराच्या स्वरावर कोणता शब्द येतो, हे मी कवितेच्या पहिल्या वाचनापासूनच बघत गेले. पुरुषांना मी एकच ओळ दिली, फारसा पल्ला नसलेली, पण गीताची मुख्य चाल दोनदा त्यांच्याकडेच ठेवली. सारख्या भरणीच्या ओळी गाऊन कुणाचा जीव रमत नाही. आल्टोंचा अवघड प्रवेश आधीच्या क्षणी सोप्रानोंनी सोडलेल्या स्वरावरच ठेवला, म्हणजे स्वर शोधायला लागत नाही, कानात असतोच. आणि शेवटचं कडवं सगळ्यांनी एका स्वरात गायचं. चार आवाजांची गुंफण करता येत असताना सगळ्यांना एका ओळीवर आणणं मला फार आवडतं. तालमीत ते कडवं आलं की मंडळी आपोआप ताठ बसायची.

मर्यादेमुळे काम घेण्याजोगं राहत नाही, असं मला कधीच वाटलेलं नाही. कोपलंड यांचंच ‘ॲपलाचियन स्प्रिंग’ घ्या. मार्था ग्रॅहमच्या नृत्यासाठी केलेली ही रचना १९४४ मध्ये ज्या सभागृहात सादर व्हायची होती तिथे वादकांना बसायला जागा फार थोडी होती, म्हणून ती फक्त तेरा वाद्यांसाठी लिहिली गेली. पुढे मोठ्या वाद्यवृंदासाठीही ती झाली, पण तेरा वाद्यांचं रूप आजही आवडीने वाजवलं जातं. त्यातली पारदर्शकता मोठ्या वाद्यवृंदात तशीच्या तशी सापडत नाही.

रचनाकाराला या गोष्टीही कळवा : एकूण तालमी किती, साथीला कोण, सभागृहात आवाज घुमतो की कोरडा पडतो, कार्यक्रमात या गीताच्या आधी आणि नंतर काय आहे. आणि कवितेचं काम आधी मिटवा. कवी हयात असेल किंवा जाऊन फार काळ लोटला नसेल तर कवितेला चाल लावण्यासाठी परवानगी लागते. बर्न करार या लेखनहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क राहतात, आणि बऱ्याच देशांत ही मुदत ६० किंवा ७० वर्षं आहे. हक्क कवीच्या घरच्यांकडे असतील किंवा प्रकाशकाकडे, म्हणून पत्र दोघांनाही पाठवा. लेखी होकार हातात येईपर्यंत रचनाकाराला सुरुवात करायला सांगू नका. महिनोन्महिने राबून झालेलं गीत परवानगीअभावी कपाटात जाणं फार जिवाला लागतं.

प्रश्न : नोटेशनच्या सॉफ्टवेअरमधून निघालेला ऑडिओ वादकांना किंवा काम देणाऱ्यांना ऐकवावा का?

काम देणाऱ्यांना ऐकवा, पण सोबत बसून. वादकांना शक्यतो नको. सॉफ्टवेअरमधली बासरी ट्रम्पेटच्या बरोबरीने तळाचे स्वर ठणठणीत वाजवते. प्रत्यक्षात बासरीचा तळ इतका हळुवार असतो की ट्रम्पेट सुरू झाला की तो ऐकूच येत नाही. यंत्राला श्वास लागत नाही, ओठ थकत नाहीत. तो ऑडिओ कानात बसला की माणसाचं खरं वाजवणंच लोकांना उणं वाटायला लागतं, आणि तो वादकावर अन्याय आहे.

प्रश्न : मित्राच्या लघुपटाला संगीत देतो आहे. त्याने संकलन करतानाच एका प्रसिद्ध चित्रपटाचं संगीत तात्पुरतं लावून ठेवलं आहे आणि आता ‘अगदी असंच हवं’ म्हणतो. शिवाय दर आठवड्याला दृश्यांची लांबी बदलते. मी वैतागलो आहे.

तुमचा वैताग रास्त आहे, पण मित्राचीही बाजू समजून घ्या. ते तात्पुरतं संगीत त्याने इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याला ते दृश्याचाच भाग वाटतं. ‘असंच हवं’ म्हणजे त्याला ती चाल हवी असते असं नाही. त्याच्याशेजारी बसा, दृश्य आधी त्या संगीतासकट बघा, मग पूर्ण आवाज बंद करून बघा, आणि विचारा : काय गेलं? माझ्या एका कामात दिग्दर्शक मुलगी बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘ती दार उघडते तेव्हा मला भीती वाटत नाहीये.’ आता हे सांगणं कामाचं. तात्पुरत्या संगीतात तिथे व्हायोलिनचा गजर होता. मी दार उघडण्याआधीच संगीत थांबवलं आणि बिजागरीचा आवाज तेवढा राहू दिला. तिला ते पटलं, आणि मला एक अख्खा तुकडा लिहावाच लागला नाही. प्रसिद्ध संगीताची नक्कल करून दिलीत तर तुम्ही दोघंही हक्कभंगाच्या तक्रारीत सापडू शकता, हेही त्याला शांतपणे सांगा.

लांबीचं म्हणाल तर संकलन पक्कं झाल्याशिवाय, म्हणजे ज्याला ते लोक ‘पिक्चर लॉक’ म्हणतात ते झाल्याशिवाय, सेकंदावर बसवायचं संगीत लिहू नका. तोपर्यंत चाली शोधा, वाद्यं ठरवा, एखादा तुकडा सैल लयीत लिहून ऐकवा. लॉक झाल्यावर गणित सोपं असतं. मिनिटाला ७२ मात्रांची लय धरली तर दहा सेकंदांत बरोबर १२ मात्रा बसतात, म्हणजे चार मात्रांचा एक गट, असे तीन गट किंवा बार. दृश्यातला महत्त्वाचा क्षण कोणत्या मात्रेवर पडतो ते आधी काढायचं आणि चाल त्या मात्रेकडे नेत लिहायची. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला चित्रं किती, हेही पहिल्याच दिवशी विचारा. चोवीसचं चित्र कुणी पंचवीसच्या वेगाने चालवलं तर ते चार टक्क्यांहून थोडं जास्त वेगाने पळतं, आणि दार उघडून गेल्यावर तुमचा स्वर पोचतो.

प्रश्न : माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, म्हणून एकेरीत लिहिते. रचनाकार म्हणून नाव व्हावं यासाठी ती कुणालाही फुकट लिहून देते. रात्ररात्र जागते, डोळे सुजलेले असतात. पैशाचं काही बोललं की ‘आई, मी अजून शिकतेय’ म्हणते. काय सांगू तिला?

काकू, तिला रागावू नका. शिकत असताना पैसे मागताना जीभ अडखळते, सगळ्यांचीच. तिला एवढंच सुचवा की प्रत्येक कामाचे तास ती वहीत लिहायला लागू दे. लिहिण्याचे वेगळे, प्रत्येक वाद्याचा पार्ट सुटा करून नीटनेटका करण्याचे वेगळे, तालमीला जाण्याचे वेगळे, आणि ‘जरा एवढं बदलून दे’ म्हटल्यावर गेलेले वेगळे. काम देणाऱ्यांना फक्त पहिला रकाना माहीत असतो. पाच वाद्यांच्या छोट्या रचनेतही पार्ट तयार करणं आणि तपासणं हे कंटाळवाणं, डोळ्यांवर ताण देणारं काम आहे, आणि तिचं जागरण बहुधा तिथेच होत असेल. तालमीत पार्टातली एक चूक निघाली तर पाच माणसांचा वेळ जातो, म्हणून ते घाईत उरकताही येत नाही.

मोबदला साधारणपणे रचनेची लांबी आणि वादकांची संख्या या दोन गोष्टींवर ठरतो. विद्यार्थी असताना तो कमी असेल, चालेल, पण आकडा लिहिलेला असावा. मी अर्धी रक्कम काम सुरू करताना घेते आणि उरलेली पार्ट हातात देताना. कार्यक्रमानंतर देतो म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणते. एकदा एका आयोजकाने कार्यक्रमच पुढे ढकलला आणि त्यासोबत त्या रचनेचे वादक विखुरले. माझं काम तर कधीच पूर्ण झालं होतं. अर्धे पैसे आधी घेतलेले असल्यामुळे त्या काळात मला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. बदल किती वेळा करून देणार, तेही लिहायचं. कुठल्या तारखेला काय द्यायचं, हे लिहिताना तारीख शेवटच्या बारची नाही, छापलेल्या पार्टांची धरायची. या एका फरकाने तिची निम्मी जागरणं वाचतील.

आणि काकू, तिने काही कामं फुकट केली तर करू द्या. एखाद्या मैत्रिणीसाठी, एखाद्या जिव्हाळ्याच्या कामासाठी मीही करते. ती निवड तिची असावी, संकोचामुळे झालेली नसावी, एवढंच बघा.

प्रश्न : एका पियानोवादकाने माझ्याकडून रचना करून घेतली, पैसे पूर्ण दिले, पण दोन वर्षं झाली तरी ती वाजवलेली नाही. विचारलं की ‘बघू’ म्हणतो. दुसऱ्या कुणाला देता येईल का?

तुमची तगमग मला कळते. पैसे मिळाले तरी रचना ऐकू आल्याशिवाय ती संपल्यासारखी वाटत नाही.

याला इतिहासातही मोठी उदाहरणं आहेत. पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेले पियानोवादक पाउल विटगेन्श्टाइन यांनी केवळ डाव्या हाताने वाजवण्यासाठी अनेक नामवंत रचनाकारांकडून रचना करून घेतल्या. राव्हेल यांच्या कन्चेर्टोत त्यांनी स्वतःच्या मनाने बदल केले आणि राव्हेल संतापले. प्रोकोफिएव्ह यांनी १९३१ मध्ये लिहिलेला कन्चेर्टो विटगेन्श्टाइन यांनी वाजवलाच नाही; तो पहिल्यांदा ऐकू आला १९५६ मध्ये, दुसऱ्या वादकाच्या हातून, आणि तोवर प्रोकोफिएव्ह जाऊन तीन वर्षं झाली होती. हिंडेमिथ यांची १९२३ ची रचना तर विटगेन्श्टाइन यांच्या घरातच पडून राहिली आणि २००४ मध्ये पहिल्यांदा सादर झाली. ती सादर झाली तेव्हा हिंडेमिथ हयात नव्हते. मला या गोष्टीचं दर वेळी वाईट वाटतं.

म्हणून माझ्या प्रत्येक करारात एक ओळ असते : पहिल्या सादरीकरणाचा मान आणि वाजवण्याचा एकट्याचा हक्क अमुक तारखेपर्यंत तुमचा, त्यानंतर रचना वाजली असो वा नसो, मी ती कुणालाही देऊ शकते. यावर आजवर कुणी नाराज झालेलं नाही. वादकाला हक्काची मुदत दिसली की तो तारीखही लवकर ठरवतो.

तुमच्या बाबतीत आधी जुना करार किंवा पत्रव्यवहार काढा. तुम्ही हक्क त्याला कायमचे लिहून दिले आहेत का, की फक्त पहिलं सादरीकरण त्याचं असं ठरलं होतं, ते शब्दशः वाचा. फक्त पहिल्या सादरीकरणाचं बोलणं झालं असेल तर त्याला सौम्य पण नेमकं पत्र लिहा : या तारखेपर्यंत कार्यक्रम ठरला तर मला आनंदच आहे, नाही ठरला तर मी रचना दुसऱ्या वादकाला देऊ इच्छितो, आपली हरकत असल्यास कळवावं. पूर्ण हक्क लिहून दिले असतील तर त्याच पत्रात परवानगी मागा, आणि रचना त्याच्यासाठी लिहिली असल्याचा उल्लेख प्रत्येक पत्रिकेवर राहील, असं लिहून द्या. त्याच्याकडून ‘बघू’ ऐवजी एखादी जागा जमत नाही असं उत्तर आलं, तर रुसू नका. वही घेऊन त्याच्या पियानोपाशी जा आणि कोणता बार ते विचारा.